कौल अडतो तेव्हा

मराठीत निवडणुकीच्या निकालाला आपण ‘कौल’ म्हणतो. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन असा आहे. मराठ्यांच्या आणि त्यापूर्वीच्या राजवटींत ओसाड गाव पुन्हा वसवायचा असला म्हणजे सरकार रयतेला कौल देत असे. इतकी वर्षे इतकाच सारा घेऊ, त्याहून अधिक मागणार नाही, असे ते अभयवचन असे, आणि ते ज्या कागदावर लिहिले जाई तो कौलनामा. देवळात देवाला फुले किंवा तांदळाचे दाणे लावून उजवा-डावा कौल घेतात, तेथेही हाच शब्द आहे. म्हणजे पूर्वी कौल वरून खाली येत असे. राजा रयतेला देई, देव भक्ताला देई. लोकशाहीने त्याची दिशा फिरवली. आता कौल खालून वर जातो. रयत देते आणि राज्यकर्ते घेतात.

परंतु कधी कधी कौल अडतो. मते मोजून होतात, विजयी उमेदवारांच्या मिरवणुका निघतात, आणि सायंकाळी बेरीज मांडू लागल्यावर दिसून येते की कोणत्याच पक्षाला निम्म्याहून अधिक जागा नाहीत. अशा वेळी पुढाऱ्यांची, राज्यपालांची, वृत्तपत्रांची आणि सामान्य मतदारांची वागणूक कशी असते, हे पाहण्यासारखे आहे. बहुमत असते तेव्हा माणसांचा स्वभाव झाकून जातो. ते नसते तेव्हा उघडा पडतो. हा विषय आज आपण महाराष्ट्राच्या, आणि विशेषतः आपल्या वऱ्हाडच्या अनुभवावरून पाहणार आहोत.

त्यासाठी पोहरादेवीसारखे गाव नजरेसमोर ठेवावे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील हे गाव. येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि बंजारा समाज या स्थळाला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही माणसे येतात. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे राज्य मात्र पुष्कळदा हलले. १९३७ साली हा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि विधानसभा नागपूरला भरत असे. १९५० मध्ये त्याच प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. एकाच जागी बसून माणसाने इतकी सरकारे पाहिली. तेव्हा सरकार कसे बनते व कसे मोडते, हा प्रश्न त्याला परका नाही.

बहुमताचा पहिला मोठा पेच आपल्याकडे १९३७ साली पडला. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि निवडणुका झाल्या. मतदानाचा हक्क अर्थात सर्वांना नव्हता. सारा, कर, शिक्षण अशा अटी होत्या आणि प्रौढांपैकी सुमारे एक-षष्ठांश लोकच मतदार होते. तांड्यावर राहणाऱ्या, बैल पाठीशी घालून फिरणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाचे नाव त्या यादीत क्वचितच असणार. मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसला ११२ पैकी ७० जागा मिळाल्या, म्हणजे स्वच्छ बहुमत मिळाले. मुंबई इलाख्यात मात्र १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. निम्म्याहून अधिक व्हायला ८८ लागत होत्या. दोन जागा कमी पडल्या! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नुकत्याच स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले होते आणि त्यांतील बहुतेक निवडून आले होते. याखेरीज मुस्लिम लीग होती आणि बरेचसे अपक्ष होते.

पुढे जे घडले त्यात मोठी गंमत आहे. गव्हर्नरांनी आपले खास अधिकार मंत्र्यांच्या कारभारात वापरू नयेत, असे आश्वासन काँग्रेसने मागितले. ते मिळाले नाही, म्हणून काँग्रेसने अधिकारपदे नाकारली. १ एप्रिल १९३७ ला नवा कायदा तर अमलात यायचा होता आणि मंत्रिमंडळ हवेच होते. तेव्हा मुंबईत सर धनजीशा कूपर यांचे आणि नागपुरात ई. राघवेंद्र राव यांचे हंगामी मंत्रिमंडळ बसवण्यात आले. कूपर साताऱ्याकडचे, त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहतांसारखा नामांकित पुढारी होता. नागपूरच्या मंत्रिमंडळात अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचे चिरंजीव बाळकृष्ण गणेश खापर्डे होते. माणसे कर्तबगार होती, यात संशय नाही. पण त्यांच्या पाठीशी सभागृह नव्हते. सभागृह बोलावले असते तर पहिल्याच दिवशी ती पडली असती; म्हणून ते लांबणीवर टाकून कारभार चालवावा लागला.

नागपुरात बहुमत होते पण ते सरकारात नव्हते, आणि सरकार होते पण त्याला बहुमत नव्हते. म्हणजे हा पेच केवळ आकड्यांचा नाही, हे पहिल्याच प्रसंगी दिसून आले. बहुमत ही मोजायची वस्तू आहे हे खरे. पण ते कोठे मोजायचे, गव्हर्नरच्या बंगल्यात की सभागृहात, हा खरा प्रश्न आहे. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खुलासेवजा निवेदन केले. जुलैत आपल्या शेजारच्या वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीची बैठक होऊन अधिकारग्रहणास संमती मिळाली. नागपुरात डॉ. ना. भा. खरे आणि मुंबईत बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले, कारण त्या वेळी त्या पदाला ‘मुख्य प्रधान’ असेच म्हणत. मुंबईत दोन जागांची उणीव होती, तरी खेरांचे सरकार १९३९ च्या अखेरीपर्यंत टिकले आणि महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसने देशभर राजीनामे दिले तेव्हाच ते गेले. ज्याच्या बाजूला निम्म्याच्या जवळपास सभासद आहेत आणि विरोधक मात्र विखुरलेले आहेत, त्याला बहुमताची उणीव फारशी जाणवत नाही. हा धडा पुढच्या काळात उपयोगी पडण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला. १९५२ साली ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमातींचा जुलमी कायदा रद्द झाला आणि ज्यांच्या माथी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता त्या अनेक जमाती विमुक्त झाल्या. त्याच वर्षी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तांड्यावरची माणसे मतदार म्हणून रांगेत उभी राहिली. पुसद मतदारसंघातून गहुली गावचे वसंतराव नाईक निवडून आले. पुढे ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात बहुमत ही चिंतेची बाब नव्हतीच. १९६७ साली काँग्रेसला २७० पैकी २०३ आणि १९७२ साली २२२ जागा मिळाल्या. १९६७ मध्ये उत्तरेत संयुक्त विधायक दलांची सरकारे बनत आणि कोसळत होती, हरियाणात ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दच जन्माला आला होता. तेव्हा महाराष्ट्र शांत होता. आपल्याकडे असे काही होणार नाही, असे त्या वेळी पुष्कळांना वाटत असे.

ते १९७८ साली झाले. महाराष्ट्रातील ‘अडलेल्या कौला’चा हा खरा मासला आहे, म्हणून त्याकडे जरा तपशिलाने पाहू.

आणीबाणी उठली, १९७७ च्या मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली आणि दिल्लीत जनता पक्षाचे राज्य आले. त्या निवडणुकीत वसंतराव नाईक वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. राज्यात शंकरराव चव्हाण जाऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९७८ च्या आरंभी काँग्रेस दुभंगली. एक इंदिरा काँग्रेस झाली, आणि दुसरीला लोक तिच्या अध्यक्षांवरून रेड्डी काँग्रेस म्हणू लागले. वसंतदादा, यशवंतराव चव्हाण आणि शरद पवार रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले. विदर्भात मात्र इंदिरा काँग्रेसचे पाळेमुळे घट्ट होते आणि तेथे नाशिकराव तिरपुडे हे तिचे नेतृत्व करीत होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस मतदान झाले. २८८ जागांत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२, शेतकरी कामगार पक्षाला १३, मार्क्सवाद्यांना ९ आणि अपक्षांना २८ जागा मिळाल्या. उरलेल्या जागा लहान पक्षांत वाटल्या गेल्या. बहुमताला १४५ लागत होत्या. सहा वर्षांपूर्वी २२२ चे धनी असलेले घर वाटणीनंतर दोन्ही चुली मिळून १३१ वर आले होते.

या निकालाचा अर्थ काय करायचा? प्रत्येकाने आपल्या सोयीचा केला. जनता पक्ष म्हणाला, आम्ही सर्वांत मोठे, तेव्हा कौल आमचा. दोन्ही काँग्रेस म्हणाल्या, आमची बेरीज तुमच्याहून मोठी, तेव्हा कौल काँग्रेसच्या विचाराचा. बेरीज बरोबर होती. पण निवडणुकीत याच दोन काँग्रेस गावोगाव एकमेकींविरुद्ध लढल्या होत्या. ज्या मतदाराने एकीला दिलेले मत दुसरीच्या विरोधात दिले होते, त्याच्या मताची बेरीज दुसरीत कशी करायची? आघाड्यांच्या राजकारणातला हा मूळचा अवघड प्रश्न आहे, आणि तो महाराष्ट्राने प्रथम ठळकपणे येथे अनुभवला. राज्यपाल सादिक अली होते. ७ मार्च १९७८ रोजी वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री म्हणून शपथबद्ध झाले. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री लाभला तो प्रथमच. हे पद कारभाराच्या गरजेतून निर्माण झाले नव्हते, वाटणीच्या गरजेतून झाले होते. पुढे प्रत्येक आघाडीत ते आपल्या परिचयाचे झाले आहे.

हा संसार सवाचार महिने चालला. एका मंत्रिमंडळात बसून दोन्ही गट एकमेकांवर जाहीर टीका करीत. जुलैत विधिमंडळाचे अधिवेशन चालू असतानाच शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आणि दत्ता मेघे यांनी मंत्रिपदे सोडली आणि सुमारे चाळीस आमदारांनिशी ते बाहेर पडले. सरकार अल्पमतात गेले आणि वसंतदादांनी राजीनामा दिला. १८ जुलै १९७८ रोजी वयाच्या ३८ व्या वर्षी पवार मुख्यमंत्री झाले. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आणि काँग्रेसमधून बाहेर पडलेला गट यांची ही आघाडी ‘पुरोगामी लोकशाही दल’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘पुलोद’.

या घटनेवर महाराष्ट्रात दोन तट पडले आणि ते आजही बुजलेले नाहीत. एक तट म्हणे, हा विश्वासघात झाला. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून राजकारणात रूढ झाला. दुसरा तट म्हणे, ज्या सरकारात रोज भांडणे चालली होती ते मोडले यात जनतेचे नुकसान काय झाले? आणि ९९ जागांचा सर्वांत मोठा पक्ष सत्तेबाहेर बसला होता तो सत्तेत आला, हा कौलाचा अधिक खरा अर्थ नव्हे काय? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या वेळी पक्ष बदलण्यास बंदी नव्हती. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला. नीतीच्या दृष्टीने मात्र प्रश्न उरतोच, आणि तो एका बाजूला विचारून चालत नाही. निवडणुकीत लढून आठ-दहा दिवसांत एकत्र येणाऱ्यांनाही तो विचारावा लागतो आणि सवाचार महिन्यांनी सोडून जाणाऱ्यांनाही.

आता दुसरी बाजू पाहू. कोणालाच बहुमत नाही, म्हणजे कारभार ठप्प, असे आपण सरसकट समजतो. १९७८ चा इतिहास असे सांगत नाही. पुलोद सरकार आल्यानंतर नऊच दिवसांनी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, आणि नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. सभागृहात एकमत होते, पण ते गावात नेण्याची आणि त्यासाठी टीका सोसण्याची ताकद तितकी नव्हती. संमिश्र सरकारचे बळ आणि उणीव ही दोन्ही या एका प्रसंगात दिसतात.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वसंतराव नाईकांच्या सरकारने वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना हाती घेतली. मागेल त्याला काम, ही ती कल्पना. माती खणणारे, खडी फोडणारे, बंधारे घालणारे हात वऱ्हाडातील तांड्यांवर आणि गावकुसांवर हजारोंनी होते. त्यांच्या दृष्टीने ही योजना म्हणजे उन्हाळ्यात चूल पेटण्याची हमी होती. या योजनेला कायद्याचे रूप १९७७ मध्ये वसंतदादांच्या पहिल्या कारकिर्दीत मिळाले आणि तो कायदा प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी, पुलोदच्या राज्यात. बीज २२२ च्या बहुमताने लावले, रोप दुसऱ्या मुख्यमंत्र्याने वाढवले, आणि ते बहुमत नसलेल्या विधानसभेच्या काळात फळाला आले. ज्या आमदारांनी एकमेकांची मंत्रिमंडळे पाडली, त्यांनी हे काम पाडले नाही. वसंतराव नाईक त्याच वर्षी १८ ऑगस्टला निवर्तले, पण त्यांची योजना कायदा झालेली त्यांनी पाहिली. सरकारांची उलथापालथ वरच्या मजल्यावर चालू असताना खालचा पाया अशा कामांनी टिकून राहतो.

पुलोद सरकार १७ फेब्रुवारी १९८० रोजी बरखास्त झाले. ते सभागृहात हरले नव्हते. दिल्लीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. मग निवडणूक होऊन इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या. म्हणजे दोन वर्षे ज्या मतदाराला ‘गोंधळलेला’ म्हटले जात होते, त्यानेच पुढे निःसंदिग्ध निकाल दिला. मतदार गोंधळला नव्हता. १९७८ साली त्याच्यापुढे ठेवलेले पर्यायच तुटलेले होते, आणि तुटलेल्या आरशात अखंड चेहरा दिसत नाही.

यानंतरचे प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीतले आहेत, म्हणून ते थोडक्यात सांगतो. १९९० साली काँग्रेसला १४१ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला चार कमी. त्याच विधानसभेत जून १९९१ मध्ये पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. चुलते २२२ च्या गादीवर बसले होते, पुतण्याला अपक्षांचा टेकू घ्यावा लागला; त्यातच १९९१ च्या डिसेंबरात शिवसेनेतून एक गट फुटून काँग्रेसकडे आला. तेव्हा एक-तृतीयांश आमदारांनी मिळून फूट पाडली तर कायद्याने त्यांचे पद जात नसे. ती पळवाट पुढे २००३ च्या घटनादुरुस्तीने बंद झाली. १९९५ मध्ये काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५ आणि अपक्ष तब्बल ४५! मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले ते अपक्षांच्या पाठिंब्याने. १९९९ मध्ये वेगवेगळे लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले व विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. त्यानंतर राज्यात काही काळ एकपक्षीय बहुमत ही गोष्टच राहिली नाही.

२०१९ साली तर पेचाचा नवाच प्रकार दिसला. भाजप १०५ आणि शिवसेना ५६ अशी निवडणूकपूर्व युतीची बेरीज बहुमताहून अधिक होती. कौल अडला नव्हता. कौल घेणारे अडले. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, २३ ला भल्या पहाटे एक शपथविधी झाला, २६ ला सर्वोच्च न्यायालयाने सभागृहात मतमोजणी करण्याचा आदेश दिला आणि ते सरकार त्याच दिवशी गेले. २८ तारखेला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. यात्रेला कर्नाटकातून येणाऱ्यांनी असेच काही आदल्या वर्षी आपल्याकडे पाहिले होते. मे २०१८ मध्ये तेथे भाजपला १०४ जागा मिळाल्या. १७ तारखेला झालेले मुख्यमंत्री १९ ला सभागृहात मतदान होण्यापूर्वीच पायउतार झाले आणि ३७ आमदारांच्या पक्षाचा नेता काँग्रेसच्या आधाराने मुख्यमंत्री झाला.

या सर्व प्रवासात एक गोष्ट हळूहळू, पण निश्चितपणे सुधारली आहे, आणि तिची नोंद घ्यायला हवी. १९३७ साली सभागृह लांबणीवर टाकून सरकार चालवता येत होते. १९८० साली सभागृहात न हरलेले सरकार दिल्लीहून बरखास्त करता येत होते. १९८८ मध्ये सरकारिया आयोगाने राज्यपालांनी कोणत्या क्रमाने कोणाला बोलावावे याचा दंडक सांगितला: आधी निवडणूकपूर्व आघाडी, नंतर इतरांचा पाठिंबा असलेला सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतरच्या आघाड्या. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायची. कूपर आणि राघवेंद्र राव यांच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सत्तावन्न वर्षे लागली, पण ते मिळाले.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे मतदारांचा. कौल अडला की आपण दोन गोष्टी करतो: एक तर पुढाऱ्यांना शिव्या देतो, नाही तर सगळे सारखेच म्हणून तोंड फिरवतो. दोन्हींनी पुढाऱ्यांचे काही बिघडत नाही. बंजारा तांड्यात पूर्वापार नायक आणि कारभारी यांच्यापुढे तंटे बसत, ते सर्वांच्या देखत. तेथेही पक्ष असत, समजुती होत, देवाणघेवाण होई. पण जे ठरे ते चारचौघांत सांगावे लागे, आणि ज्याने शब्द दिला त्याला तो उद्या तांड्यातच राहून निभवावा लागे. त्या पद्धतीत उणिवाही होत्या. स्त्रियांचा आवाज तेथे फारसा ऐकला जात नसे, हे विसरता कामा नये. तरी उघडपणाची ती सवय आपण घेण्यासारखी आहे. मत मागायला येणाऱ्याला, ‘बहुमत मिळाले नाही तर तुम्ही कोणाबरोबर जाल आणि कोणाबरोबर मुळीच जाणार नाही?’ हे निवडणुकीपूर्वी विचारावे. आघाडी झालीच तर तिचा कार्यक्रम लेखी मागावा. जुने कौलनामे लेखीच असत. आणि खात्यांच्या वाटपाच्या बातम्या वाचताना शाळा, रोजगार हमी, पाणी ही कामे कोणत्या सरकारने पुढे नेली आणि कोणी अडवली, याचा हिशेब ठेवावा.

विधानसभेत १४५ चा आकडा जमवणे हे पुढाऱ्यांचे काम आहे. दिलेल्या वचनाची आठवण ठेवणे हे आपले काम आहे, आणि ते पाच वर्षांतून एकदाच करून भागत नाही.